हवामान बदल शिकवायचा तर आधी फळा पुसा

आठवी-नववीच्या कुठल्याही वर्गात जा आणि विचारा, "पृथ्वी का तापतेय रे?" उत्तरं ठरलेली असतात. "सर, ओझोनच्या थराला भोक पडलंय." "झाडं तोडली म्हणून." "प्रदूषण." मागच्या बाकावरून एखादा "प्लास्टिक!" म्हणून मोकळा होतो. भराभर हात वर येतात, शिक्षक मान डोलावतात आणि तास पुढे सरकतो. हाच प्रश्न मोठ्यांना विचारला तरी यादी फारशी बदलत नाही.

अमेरिकेत हवामान बदल शिकवणाऱ्यांची निम्मी शक्ती "हे खरंच घडतंय" एवढं पटवण्यात जाते. आपल्याकडे नाकारणारा माणूस मुद्दाम शोधावा लागतो. येल विद्यापीठ आणि जनमत चाचण्या घेणारी सी-व्होटर ही संस्था यांनी २०२१-२२ मध्ये भारतात पाहणी केली. त्यात निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, की जागतिक तापमानवाढीबद्दल आम्हाला अगदी थोडं माहीत आहे किंवा आम्ही ते कधी ऐकलेलंच नाही. पण दोन वाक्यांत अर्थ सांगितल्यावर ८४ टक्के लोकांनी "हो, हे घडतंय" असं सांगितलं. म्हणजे आपली अडचण अविश्वासाची नाही. आपण फार पटकन हो म्हणतो आणि कारण मात्र भलतंच धरून बसतो. कारण चुकलं की उपायही चुकतो. ज्याला ओझोनचं भोक हे कारण वाटतं, त्याला कोळशाशी काही देणंघेणं उरत नाही. ज्याला प्लास्टिक वाटतं, तो कापडी पिशवी घेतो आणि आपलं काम झालं असं समजतो. म्हणून शिकवायची सुरुवात नवीन काही सांगण्यापेक्षा जुनं पुसण्यापासून करावी लागते.

ओझोनचा हा गैरसमज इतका घट्ट का बसलाय ते बघण्यासारखं आहे. गोष्ट सोपी आहे: छताला भोक पडलं, जास्त ऊन आत आलं, घर तापलं. त्यात १६ सप्टेंबरचा ओझोन दिन शाळाशाळांत साजरा होतो, भित्तिपत्रकं लागतात आणि ओझोन व तापमानवाढ हे दोन्ही विषय पुस्तकात शेजारीशेजारीच येतात. मुलांनी दोन्ही एकत्र केले तर त्यांना दोष देता येत नाही.

खरी गोष्ट अशी आहे. ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो. फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी नावाच्या वायूंमुळे तो विरळ झाल्याचं ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं. ते 'भोक' दरवर्षी अंटार्क्टिकावर, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं, लातूरवर नाही. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, जगाने सीएफसी बंद केले आणि थर हळूहळू भरून येतोय. वर्गात सांगायचं ते इथेच: भोक भरून येतंय, तरी तापमान वाढतंच चाललंय. मग कारण तेच कसं असेल? एवढ्या एका प्रश्नाने बरीच साफसफाई होते. एक बारकी गोष्ट राहते, सीएफसी हे स्वतः उष्णता अडवणारे वायू आहेत. हुशार मूल ते विचारतंच, आणि विचारलं की दडवू नये.

आता खरं कारण. ते समजवायला मला सगळ्यात जवळची वाटते ती निफाडची रात्र. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. तिथल्या बागायतदाराला विचारा, धास्ती कुठल्या रात्रीची? आभाळ निरभ्र असलेल्या. ढग आले की थंडी पळते. हे त्याला भौतिकशास्त्र न शिकता माहीत असतं. घडतं असं, की दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर फेकत असते. ही उष्णता न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांच्या रूपात असते. आभाळ मोकळं असलं की त्यातली बरीचशी सरळ अवकाशात निघून जाते. ढग असले की ते ती पकडतात आणि त्यातली काही पुन्हा खाली पाठवतात.

कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि मिथेन हेच काम दिवसरात्र, कुणाला न दिसता करतात. सूर्यप्रकाश त्यांच्यातून जवळपास आरपार जातो, पण जमिनीची उष्णता परत जाताना ते ती अडवतात. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आज ते १५ च्या आसपास आहे. म्हणजे हे वायू मुळात आपले वैरी नाहीत, त्यांच्यामुळेच इथे जगता येतं. बिघडलंय ते प्रमाण. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ होते. आज ४२० च्या वर गेलेत.

"एवढ्याशा वायूने काय होतंय?" हा प्रश्न येतोच. दहा लाखांत ४२० म्हणजे टक्क्याचा पंचविसावा भाग. पण हवेत ९९ टक्के असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन या उष्णतेला अडवतच नाहीत. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात आणि इन्फ्रारेड किरण त्यांना जवळपास धरतच नाहीत. जे अडवतच नाहीत त्यांची गर्दी कितीही असली तरी हिशेबात धरायची नाही. हे लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये मोजून दाखवलं होतं. हवामान बदलाचं विज्ञान कालपरवाचं नाही.

आता शाळांच्या आवडत्या प्रयोगाबद्दल. विज्ञान प्रदर्शनात तुम्ही तो पाहिला असेल. दोन सारख्या बाटल्या. एकीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घालून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हीत थर्मामीटर, समोर शंभर वॅटचा दिवा. थोड्या वेळाने कार्बन डायऑक्साइडची बाटली एक-दोन अंशांनी जास्त तापते. टाळ्या, पहिला क्रमांक. गोम अशी, की २०१० मध्ये अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या संशोधकांनी अशाच प्रयोगाची उलटतपासणी केली. त्यांनी कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन भरला. आर्गॉन उष्णतेचे किरण अजिबात अडवत नाही. तरी तापमान तसंच वाढलं! कारण, दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. ते तळाशी बसून राहतात, वरच्या हवेत चटकन मिसळत नाहीत, म्हणून हवेच्या हालचालीने बाहेर जाणारी उष्णता कमी होते. उत्तर बरोबर, कारण साफ चुकीचं.

माझं मत विचाराल तर हा प्रयोग बंद करू नका, उलट पूर्ण करा. टिग वेल्डिंग करणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आर्गॉनचं सिलिंडर असतं. तिसरी बाटली तिथून भरून आणा आणि मुलांना चकित होऊ द्या. "आपला पुरावा आपल्यालाच पुरत नाही" हे कळणं हा या विषयातला फार मोठा धडा आहे.

खरी यंत्रणा दाखवायची तर दुसरी सोय आहे. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायची थर्मामीटरची बंदूक आठवते? तशीच, पण उणे तापमानही दाखवणारी, कारखान्यात वापरतात ती घ्या. रात्री निरभ्र आकाशाकडे रोखा, मग ढगाकडे रोखा. निरभ्र आभाळाचा आकडा कितीतरी खाली दिसतो, ढगाचा वर. वरून खाली येणारी उष्णता मुलं स्वतः मोजतात. या बंदुकीला कार्बन डायऑक्साइड जवळपास दिसत नाही, ती ढग आणि वाफच दाखवते. हेही मुलांना लगेच सांगून टाकायचं. पण आभाळ खाली उष्णता पाठवतं, ही विचित्र वाटणारी गोष्ट एकदा हाताने मोजली की पुढचं सोपं जातं.

पाठ्यपुस्तकातल्या 'हरितगृहा'बद्दलही सावध राहा. मावळ-तळेगावकडच्या मुलांनी गुलाबाची पॉलिहाऊस आतून पाहिलेली असतात. तिथली उष्णता मुख्यतः गरम हवा कोंडल्यामुळे असते, बाजूचे पडदे वर केले की ती निघून जाते. वातावरणात असं काही कोंडलेलं नाही. नाव रूढ झालंय म्हणून वापरायचं, पण स्पष्टीकरण म्हणून नाही.

हे माणसामुळेच कशावरून? दोन पुरावे पुरेत. उमरेड-चंद्रपूरचा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे. सजीवांत कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन असतो, तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. इतक्या जुन्या कोळशात तो शून्य उरलेला असतो. हवेतल्या कार्बनमधलं कार्बन-१४ चं प्रमाण कोळसा आणि तेल जाळायला लागल्यापासून पातळ होत गेलं. (मधल्या काळातल्या अणुचाचण्यांनी ते काही वर्षं वर नेलं, तो वेगळा किस्सा.) दुसरा पुरावा वर आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबर, थंड होतोय. उष्णता खालीच अडतेय याची ही खूण.

इथपर्यंत विज्ञानाच्या तासाला जमतं. खरी कसरत वर्गाबाहेर असते, कारण तिथे लोकांच्या आठवणींशी गाठ पडते.

"आमच्या वेळी सात जूनला पाऊस यायचाच!" हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस नसेल. वक्तेही तेच धरून भाषण सुरू करतात: बघा, मृग आता कोरडा जातो, हा हवामान बदल. ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात, पण हे खरं नाही. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, पाऊस काही त्याच्या हुकमावर येत नाही. मॉन्सून कधी आठवडाभर आधी, कधी दोन आठवडे उशिरा असा पूर्वीही हेलकावे खात होता. हवामान खात्याने २०२० मध्ये सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतलं आगमन १० जूनवरून ११ जून झालं, एका दिवसाचा फरक. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे आजोबांची तक्रार येण्याबद्दल आहे आणि मोठा फरक जाण्यात पडलाय. काढणीला आलेलं सोयाबीन शेतात भिजतं त्याचा संबंध या दुसऱ्या तारखेशी आहे. आठवणीचा अनादर करायचा नाही, पण तिच्यावर इमारतही उभी करायची नाही. एखाद्या वर्षी मॉन्सून वेळेवर आला की ती कोसळते.

शेतकऱ्यांशी बोलताना मला एक गोष्ट फार उपयोगी वाटते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पावसाचं एक माप तोंडपाठ असतं, ६५ मिलिमीटर. महसूल मंडळात चोवीस तासांत तेवढा पडला की अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. ६४ भरला तर तलाठ्याशी वाद. ज्याला मिलिमीटरचा हिशेब इतका नेमका कळतो, त्याच्यासमोर हिमखंडावरच्या अस्वलाचं चित्र कशाला लावायचं? त्याला थेट सांगा: हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पडताना ते जास्तीचं पाणी एकदम पडतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास सांगतो, की १९५० ते २०१५ या काळात गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच पट्ट्यात मॉन्सूनचा एकूण पाऊस घटत होता. "पाऊस तेवढाच, पण पडायची रीत बिघडली," असं बांधावर ऐकू येतं, ते या आकड्यांच्या बरंच जवळ आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे काम वर्षानुवर्षं करतंय. गाव स्वतः पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरवतं. ताळेबंद हवामान बदलासाठी सुरू झाला नव्हता. पण ज्या गावाला यंदा किती पडलं आणि किती मुरलं हे ठाऊक आहे, त्याला सरासरी आणि चढउतार यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. शाळेत पर्जन्यमापक बसवायला फार खर्च येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं गणित आलं की शाळेच्या छतावर किती पडलं ते सहावीचं मूलही काढतं.

याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक सापळा आहे, सगळं हवामान बदलावर ढकलण्याचा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. हा आकडा अफाट आहे, आणि तापलेल्या हवेत असे आकडे वाढणार हेही खरं. पण वाशिष्ठीच्या पात्रात साठलेला गाळ, नदीलगतची बांधकामं, भरतीची वेळ, यांचं काय? ते आभाळातून पडलेलं नाही. "हवामान बदल हो, आम्ही काय करणार" हे वाक्य जबाबदारी असलेल्यांच्या तोंडी फार सोयीचं पडतं. म्हणून एखाद्या आपत्तीत हवामान बदलाचा वाटा किती, हे मोजणाऱ्या शास्त्राची ओळख करून द्यायला हवी. आजच्या तापलेल्या आणि कल्पनेतल्या न तापलेल्या जगात तीच घटना किती वेळा घडेल, याची तुलना ते करतं. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानात आलेल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे ३० पटींनी वाढली होती. जुलै २०२४ च्या वायनाडच्या दरडींआधीचा पाऊस सुमारे १० टक्के जास्त जोराचा झाला होता. आणि २०१५ च्या चेन्नईच्या पुरात? संशोधकांना हवामान बदलाचा ठसा दिसला नाही. हे तिसरं उदाहरण मुद्दाम सांगायचं. जे शास्त्र कधीकधी "नाही" म्हणतं, त्याच्या "हो"वर लोक विश्वास ठेवतात.

अवघड वर्ग कुठला, विचाराल तर मी चंद्रपूरचं नाव घेईन. तिथे २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, आजूबाजूला वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) या सरकारी कंपनीच्या कोळशाच्या खाणी आहेत आणि उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत त्याचं नाव असतं. वर्गातल्या कित्येकांचे वडील, काका, मामा खाणीत किंवा केंद्रात. तिथे "कोळसा वाईट" असं फळ्यावर लिहून तास संपवणारा शिक्षक त्या मुलाला घरच्यांविरुद्ध उभा करतो. तिथे आधी हे मांडावं लागतं, की मुंबई-पुण्याचे दिवे या कोळशावर चालतात, म्हणजे हिशेब फक्त खाणकामगाराच्या नावावर नाही. मग आणखी एक आकडा: भारतातला माणूस वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होतो, अमेरिकेतला सुमारे १४ टन. "मग आम्हीच का थांबायचं?" हा प्रश्न उठणारच आणि तो रास्त आहे. तो टाळणाऱ्यावर पोरं पुन्हा विश्वास ठेवत नाहीत. पण त्याच बाकावरून दुसरा प्रश्नही यावा लागतो: खाण बंद होईल तेव्हा बाबांचं काय? तो आला नाही तर शिक्षकानेच काढावा.

उपायांपाशी आलो की बहुतेक तास वृक्षारोपणावर संपतात. आपल्या राज्यात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी झाडांचा कार्यक्रम झाला, शाळाच्या शाळा खड्ड्यांपाशी उभ्या राहिल्या. झाडं लावावीतच; सावली, पाणी, माती, पाखरं, सगळ्यासाठी. पण मुलांना एकदा हिशेब करू द्या. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. आता विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटर घ्या. ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. आठ तास चालली की साधारण ३० युनिट. आपल्या विजेत कोळशाचा वाटा मोठा, त्यामुळे युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. झाले २१ किलो. एका झाडाची वर्षाची कमाई एका मोटरने एका दिवसात संपवली.

हे गणित फळ्यावर सुटलं की वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडे सोलर बसलाय." तिथून पुढचा तास मुलांच्या हातात द्यावा. सोलर का घेतला, घरी विचारून या म्हणावं. पृथ्वीसाठी घेतला असं सांगणारा बाप मला अजून भेटायचाय. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. रात्री दोनला बारे द्यायला जायचं म्हणजे पायाखाली साप आणि जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या. सौर पंपाने, किंवा फीडरच (शेतीला वीज पुरवणारी वाहिनीच) सौर विजेवर चालवणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेने, वीज दिवसा मिळते. लोक दिवसाच्या पाण्यासाठी अर्ज भरतात. हवेतला कार्बन त्यात आपोआप कमी होतो. गावात बोलायला उभं राहिलात तर आधी दिवसाच्या विजेचं बोला, अर्ज कुठे भरायचा ते सांगा, आणि कार्बनचं गणित कुणी विचारलं तर काढून दाखवा.